मापाचं झंपर

आमच्या भागात ब्लाउजला अजून झंपर म्हणतात, आणि बहुतेक बायांच्या पेटीत एक मापाचं झंपर असतं. ते अंगात घालायचं नसतं. कधीतरी, कुणा टेलरच्या हातून, चांगला मुहूर्त लागल्यासारखं ते एकदाच बरोबर बसलेलं असतं. मग ते धुऊन, घडी घालून ठेवायचं आणि पुढं दर दिवाळीला, दर लग्नसराईला नव्या कापडाबरोबर पिशवीत घालून टेलरकडं पाठवायचं. "ह्याच्यासारखं शिवा," एवढं सांगितलं की झालं. बाई स्वतः दुकानात गेली नाही तरी अडत नाही. माझ्या आईची पिशवी तर कित्येकदा वडीलच घेऊन जायचे, बियाण्याच्या आणि खताच्या कामाबरोबर.

आईचं मापाचं झंपर जांभळं होतं, टू बाय टू रुबियाचं. धाकट्या भावाच्या बारशाला शिवलेलं. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. त्यानंतर पस्तीस वर्षं तिची सगळी झंपरं त्या सत्तावीस वर्षांच्या अंगावरून बेतली गेली. ती साठी ओलांडून गेली, पिशवीतलं जांभळं झंपर मात्र तेवढंच राहिलं. नवं झंपर आलं की ती घालून बघायची, हुकांशी झटायची आणि म्हणायची, "आजकालच्या टेलरायले हातच नाही राहिला, बाप्पा."

मी बरीच वर्षं तिच्या बाजूनं टेलरांना नावं ठेवली.

शिवण मी दोनदा शिकले. पहिल्यांदा शिकले ती मशीन. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आत्याकडं काळी, अंगावर सोनेरी फुलं रंगवलेली पायमशीन होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी ओसरीला गोणपाटाचा ओला पडदा लावून ती आम्हा चार-पाच पोरींना बसवायची. सुरुवातीला दोरा नाही की कापड नाही. पायदानावर एक पाय पुढं, एक मागं, आणि चाक आपल्याकडं फिरवायचं. हे दिसतं तितकं सोपं नाही. चवड्याचा आणि टाचेचा ताल चुकला की चाक उलटं फिरतं. दोरा असता तर तुटला असता. चाक सुलट फिरू लागलं की आत्या वर्तमानपत्राचा कागद द्यायची. अक्षरांच्या ओळीवरून बिनदोऱ्याची सुई चालवायची. कागद संपला की तो आम्ही उन्हाकडं धरायचो. भोकाभोकांतून उजेड यायचा आणि कुणाची टीप सरळ गेली, कुणाची नागमोडी, ते भिंतीवर दिसायचं. बातम्या फाटायच्या, त्याचं कुणाला काही नव्हतं.

मग रुमाल, मग झबलं आणि टोपडं, मग परकर. शिवणाच्या वर्गात अजूनही साधारण हाच क्रम असतो आणि तो कुणीतरी फार विचारानं लावलेला आहे. झबल्याला माप लागत नाही. बाळ दोन महिन्यांत त्यातून निघून जातं. परकराला फक्त उंची पाहिजे, बाकी सगळं नाडी सांभाळते. झंपराशी आलं की गाडी अडते. माझी तिथंच अडली. पुढं कॉलेज, बीएड, यवतमाळात नोकरी आणि लग्न. आत्या गेल्यावर मशीन माझ्याकडं आली आणि वीस वर्षं तिच्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर इस्त्रीचे कपडे, त्यावर मुलांची दप्तरं, असा संसार थाटून राहिली.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुढं सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींचं यंत्रांशी फार पटायचं नाही, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण १९२४ साली 'यंग इंडिया'त छापून आलेल्या एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला त्यातून सूट दिली. माणसानं शोधलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंत त्यांनी ते धरलं. सिंगरसाहेबांनी बायकोला हातानं टाके घालताना शिणलेली पाहिलं आणि प्रेमापोटी यंत्र केलं, अशी कथा त्यांनी सांगितली. कथा गोड आहे. मात्र आयझॅक सिंगर या गृहस्थाला अनेक संसारांतून मिळून वीसहून अधिक मुलं होती, आणि यंत्राच्या मुळाशी असलेल्या टाक्याचं पेटंट १८४६ सालीच एलियस होव यांनी घेतलेलं होतं, हे वाचल्यापासून मला ती प्रेमकथा जरा सैल बसते. मशीनला मात्र सूट मिळाली ते बरंच झालं.

दुसऱ्यांदा शिकले ती पंचेचाळिसाव्या वर्षी. वडील गेल्यावर आई गाव सोडून माझ्याकडं राहायला आली. नवरात्र जवळ आलं होतं. यवतमाळात देवीचे मांडव चौकाचौकांत पडतात, मूर्ती बघायला बाहेरगावची माणसं येतात आणि त्या दिवसांत कुठल्याही टेलरकडं नवं झंपर मागणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल उसना मागण्यासारखं. तीन दुकानं फिरून परत आलो. आई पिशवीतलं जांभळं झंपर हातात घेऊन बसली होती. मी म्हटलं, "मी शिवतो." आमच्याकडं बायाही मी शिवतो, मी जातो असंच म्हणतात. आई हसली नाही, एवढं खरं.

मशीनला तेल दिलं, पट्टा बदलला. झारापकरांचं कटिंगचं पुस्तक आत्याच्या ट्रंकेत होतं. महाराष्ट्रात शिवण शिकलेल्या निम्म्या बायांच्या घरी ते कधी ना कधी असतंच. छातीवरून बाकीची मापं काढायची रीत त्यात आहे: चौथा भाग, आठवा भाग, अधिक अर्धा इंच. गणितासारखं स्वच्छ. आईची मापं मी वहीत लिहिली. छाती ३६, कंबर ३२, उंची १४, शोल्डर १४, दंडघेर ११. कापड आधी पाण्यातून काढलं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. उभा दोरा बघून घडी घातली, खडूनं आखलं, मायेसाठी जागा सोडली, कापलं. टक्स घातले, उरेब पट्टी लावून गळा केला, बाह्या जोडल्या. आरशापुढं उभी राहिल्यावर ते आईला चक्क बसलं. पाठ सपाट, गळा जागच्या जागी. मला वाटलं, एवढ्यासाठी लोक शिलाई मोजतात!

मग आईनं देव्हाऱ्यावरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला.

"हात वर करतो तं सारं झंपरच वर येते वं."

मी बघितलं. बाहीबरोबर सबंध झंपर वर चढत होतं. काखेत ओढ पडत होती, खालची पट्टी कमरेवरून सुटून पार बरगड्यांवर. मला उपाय लगेच सुचला, जो कुणालाही सुचेल. काखेत घट्ट होतंय ना, मग मुंढा मोठा करू. बाह्या उसवल्या, मुंढा अर्धा इंच खाली खोदला, बाह्या पुन्हा लावल्या. आता झंपर जास्त वर येऊ लागलं. आणखी अर्धा इंच खोदला. आता आईला हात खांद्याच्या वर नेणंच कठीण झालं. पदर सावरताना ती पेटीत बंद केल्यासारखी दिसायची. त्या झंपराचा शेवट पुढं पायपुसण्यात झाला आणि नवरात्रातलं अष्टमीचं दर्शन आईनं जुन्याच झंपरात घेतलं.

आर्णी रोडला एक काकू घरीच शिवतात, पाटी नाही की दुकान नाही. त्यांच्याकडं मी ते झंपर, उरलेलं कापड आणि उरलेली अक्कल घेऊन गेले. त्यांनी झंपर उलटं केलं, काखेत बोट घातलं आणि म्हणाल्या, "मुंढा खाली नाही, वर घ्यायचा. काखेले चिकटला पाहिजे."

हे मला पटायला एक आठवडा आणि दीड मीटर कापड लागलं. मुंढा म्हणजे बाही आणि अंग जिथं भेटतात तो गोल. तो काखेच्या जवळ असला तर हात उचलताना फक्त बाही उचलली जाते. अंगाचं कापड जागेवर राहतं. तो खाली गेला की बाही दंडाला मध्येच कुठंतरी धरते आणि मग हात उचलायचा म्हणजे कमरेपर्यंतचं सगळं कापड बरोबर उचलायचं. म्हणजे जिथं हालचाल आहे तिथं कापड अंगाजवळ पाहिजे, आणि सैलपणा द्यायचा तो दंडात, पाठीत, श्वास घ्यायला छातीवर. मी उलटं करत होते. ओढ काखेत दिसत होती म्हणून काखेतच ढील देत होते.

हे मी आईला समजावून सांगू लागले. तिनं मध्येच तोडलं.

"एवढं कायले सांगून राहिली? जुवाडं ढिलं असलं तं बैलाची मान सोलते. मानीवर बसलं पाहिजे."

झारापकरांच्या पुस्तकात हे वाक्य असतं तर माझं दीड मीटर वाचलं असतं.

मुंढा वर घेतल्यावर झंपर जागेवर राहिलं, पण उजव्या खांद्यावर एक तिरपी चुणी यायची आणि गळा एका बाजूला सरकायचा. मला माझ्या कात्रीचाच संशय. पुन्हा कापलं, पुन्हा चुणी. शेवटी आईला पाठमोरी उभी केली आणि पहिल्यांदा टेपशिवाय नुसतं बघितलं. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता.

पंचेचाळीस वर्षं मी तिला आई म्हणून ओळखत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. तिला होतं. "पाणी आणून आणून झाला असन," ती म्हणाली. गावच्या विहिरीवरून डोक्यावर गुंड आणि उजव्या हातात बादली, दिवसाला किती खेपा, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तिच्या लग्नानंतर पहिला नळ आला तेव्हा मी दहावीत होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे लोणी आणि हळद लावून शेकायची रीत आहे. ते काम दरवर्षी आईच करायची.

पुस्तकातलं अंग घडीचं असतं. कापड दुमडायचं, अर्ध्याच अंगाची आखणी करायची आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. उलगडलं की डावं-उजवं अगदी सारखं. कारखान्यातले कपडेही असेच बेततात. बहुतेकांचं त्यात भागतं, कारण अर्ध्या-पाव इंचाचा फरक कापड झाकून घेतं. झंपर झाकत नाही. ते अंगाच्या इतकं जवळ असतं की अंगाला झालेलं सगळं त्यावर उमटतं. आईची पाठ मला घडी न घालता, उघड्या कापडावर आखावी लागली, दोन्ही खांदे वेगळे. वहीत छाती, कंबर, उंचीच्या खाली एक नवी ओळ गेली: उजवा खांदा अर्धा इंच उतरता.

त्यानंतर मला घरात कुणी धड सरळ उभं दिसेना. माझा स्वतःचा डावा खांदा पर्स अडकवून पुढं आलेला. नवऱ्याची मान खुर्चीत बसून पुढं गेलेली. त्याच्या सदऱ्याची कॉलर मागं कायम उघडी का राहते, ते सोळा वर्षांनी कळलं. शाळेतल्या पोरी दप्तरानं वाकलेल्या. फळ्यावर लिहिता लिहिता मी मनात मुंढे आखू लागले. हे एक व्यसनच आहे.

आजी गाठीची चोळी घालायची. खणाची, पुढं दोन टोकांची गाठ. तिच्या आयुष्यात टेप नव्हता आणि हूकही नव्हते. बाळंतपणात अंग भरलं, गाठ सैल. दुष्काळात, आजारपणात उतरलं, गाठ घट्ट. चोळी तीच. पुसद, दिग्रस, दारव्ह्याकडं तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बंजारा बाया अजून कांचळी घालतात तीही अशीच: पुढं आरसे, कवड्या आणि भरतकामानं जड झालेली, पाठ उघडी आणि मागं बंद. शिवणाऱ्या बायांनी सगळं कसब छातीवर ओतलं आणि मापाचा प्रश्न बंदांवर सोडून दिला. बाईचं अंग बदलत राहणार, हे त्यांनी आधीच धरून चाललं होतं. मग हूक आले, आणि हुकानं एकच आकडा कायमचा पक्का करून टाकला. तिथून टेलर आला, पिशवी आली, मापाचं झंपर आलं.

कापूस आमच्या जिल्ह्याचा, पण कपडा कायम बाहेरून आला. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे कापूस न्यायलाच टाकली होती; कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला. गाडीचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालच्या बांधणीचं, आणि ते १९९४ पर्यंत चाललं. आता ती गाडीही बंद आहे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नव्वदीच्या दशकात रेमंडचा डेनिमचा कारखाना आला, म्हणजे निदान कापड तरी इथं विणलं जाऊ लागलं. पण जीन्स शिवून येते ती कुठून कुठून, आणि ती आमच्या पोरांना चार बोटं लांब होते. माझ्या मशीनवर मी आजवर सगळ्यांत जास्त काय शिवलं असेल तर जीन्सचे पाय आखूड केलेत. जाड सुई लावायची, १८ नंबरची, आणि शिवणीवर शिवण येते तिथं चाक हातानं फिरवायचं, नाहीतर सुई मोडते.

गेल्या हंगामात मामेबहीण आली. तिला वेचणीचा शर्ट पाहिजे होता. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतात, तुम्ही रस्त्यानं जाताना पाहिलं असेल. वाळल्या बोंडाची टोकं हातांना ओरबाडतात, ऊन असतं, म्हणून. ती म्हणाली, "त्या शर्टात हात पुढं जात नाही, खांदा दुखून येते." पुरुषी शर्टाचा खांदा तिच्या दंडापर्यंत उतरायचा, मुंढा बरगडीपर्यंत. दिवसभरात बोंडाकडं हात जितक्या वेळा जाणार, तितक्या वेळा तो सगळा शर्ट ओढून न्यायचा. मजुरी किलोवर. मी जुन्या सुती चादरीचा शर्ट शिवला: खांदा तिच्या खांद्याएवढा, मुंढा वर, काखेत उरेब कापडाची चौकोनी कळी, मनगटाला बटन. पुढच्या आठवड्यात तिच्या शेजारणीचा निरोप आला, मलेबी पाहिजे.

शेतात अंगावर काय घालतात याचा विचार आमच्याकडं फार कमी झाला आहे. २०१७ च्या हंगामात कपाशी डोक्याएवढी वाढली होती, आणि फवारणीच्या विषबाधेनं एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. नंतर मास्क, हातमोजे आणि अंगभर घालायच्या किटची भाषा खूप झाली. पण विदर्भातल्या दमट सप्टेंबरात ते प्लास्टिक अंगावर ठेवून दोन तास चालून बघावं आणि मग बोलावं. न बसणारा कपडा माणूस काढून ठेवतो. मी शिवणारी बाई आहे, मला एवढंच कळतं.

आता आईची सगळी झंपरं मी शिवते. बाजूच्या शिवणीला तीन टिपा मारते, एकीच्या बाहेर एक, अर्ध्या-अर्ध्या इंचावर, आणि आत भरपूर माया सोडते. अंग भरलं तर आतली एक टीप उसवली की झालं. हे मला काकूंनीच शिकवलं. कापड वाचवायला माया कमी सोडणारा टेलर ओळखायचा तो इथं, असं त्या म्हणतात.

या दिवाळीला पेटी आवरताना जांभळं झंपर निघालं. रंग उडून ते बाहेरून राखाडी-गुलाबी झालेलं. बघू तरी कसं बेतलं होतं, म्हणून मी ते उसवायला घेतलं. ब्लेडनं बाजूची पहिली टीप काढली, तर आत दुसरी. तीही काढली, तर आणखी एक. दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही पदरांत, दीड-दीड इंच माया दुमडून ठेवलेली होती. म्हणजे एकूण सहा इंच. पस्तीस वर्षांत ती कुणी उघडली नव्हती. शिवणीच्या आतलं कापड नव्या रुबियासारखं गर्द जांभळं होतं.

आईनं ते हातात घेतलं, चष्म्यातून आतल्या टिपा पाहिल्या, बोटानं मोजल्या.

"टेलर चांगला होता वं," ती म्हणाली.